‘रोहित शर्मा’ सापडत नाही

क्रिकशीटच्या नोंदींत रोहित शर्मा नावाचा खेळाडू नाही. आहे तो ‘आरजी शर्मा’. सूर्यकुमार तिथे ‘एसए यादव’, बुमराह ‘जेजे बुमराह’. धावफलक वाचत वाढलेल्या माणसाचं यात काही अडत नाही. एआय एजंटचं अडतं, आणि अडल्याचं तो बोलत नाही. ‘रोहित शर्मा’ टाकून हाती शून्य आलं की तो नाव छाटून ‘आर शर्मा’ करून बघतो. त्या नावाचा खेळाडू खरोखरच आहे: पुणे वॉरियर्सचा लेगस्पिनर राहुल शर्मा. मग राहुलच्या धावा रोहितच्या म्हणून सफाईदार वाक्यांत आपल्यापुढे येतात.

क्रिकशीट म्हणजे चेंडूगणिक नोंदींचं मोफत भांडार. एकेका सामन्याची एकेक फाइल. तीत प्रत्येक चेंडूला गोलंदाज कोण, स्ट्राइकवर कोण, समोरच्या टोकाला कोण, धावा बॅटच्या किती, अवांतर किती. त्यावर मी एक छोटं टूल बांधलं. कोड पटकन झाला. वेळ खाल्ला तो त्याचं वर्णन लिहिण्याने. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024मध्ये एमसीपी हा प्रोटोकॉल आणला, तेव्हापासून अशी टूलं एजंटला जोडणं सोपं झालंय. पण एजंटपुढे येतं काय, तर टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा तक्ता. आतला कोड त्याला दिसत नाही. शिवाय हे वर्णन प्रत्येक संभाषणात त्याच्यासोबत जातं, त्यामुळे पाल्हाळ लावायची सोय नाही.

हंगामाचंच घ्या. आयपीएलचा पहिला सामना 18 एप्रिल 2008 रोजी बंगळुरूत झाला, मॅकलमच्या नाबाद 158 धावांचा. फाइलमध्ये हंगाम लिहिलाय ‘2007/08’. 2008 मागितलं की पुन्हा शून्य. षटकं शून्यापासून मोजलेली, म्हणजे पॉवरप्ले 0 ते 5 आणि विसावं षटक 19. या गोष्टी एकेका ओळीत सांगून भागतं.

विकेटच्या रकान्याचं तसं नाही. तिथे ‘झेलबाद’ हा एक प्रकार, आणि गोलंदाजाने स्वतःच्याच चेंडूवर घेतलेला झेल हा वेगळा. कुणी झेलबादांची मोजणी मागितली आणि एजंटने एकच प्रकार धरला, तर दुसरे सगळे झेल गळाले. त्याच रकान्यात जखमी होऊन तंबूत परतलेला फलंदाजही बसतो. तो बाद नसतो. धावबादही तिथेच, आणि ती विकेट गोलंदाजाची नसते. नुसत्या ओळी मोजल्या तर फलंदाजाच्या पायात आलेला गोळाही गोलंदाजाच्या खात्यावर जमा होतो! वाइडचा घोळ निराळा: तो फलंदाजाच्या चेंडूंत धरायचा नाही, नो-बॉल मात्र धरायचा. बाय आणि लेगबाय गोलंदाजाच्या नावावर लावायचे नाहीत.

हे सगळं वर्णनात लिहायचा मोह होतो. माझं मत उलट झालंय. जे क्रिकेटच्या नियमाने ठरलेलं आहे ते टूलच्या पोटात घालावं आणि एजंटला हिशेब तयार द्यावा. तासभर समजावून सांगावं लागतं ते टूल अर्धवट. वर्णनात जागा द्यावी ती दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतील अशा ठिकाणी. दिल्ली डेअरडेव्हिल्स 2019च्या हंगामापासून दिल्ली कॅपिटल्स झाली. या दोघांचे सामने एकत्र मोजायचे की वेगळे? ते विचारणाऱ्यावर आहे, म्हणून ‘जुनं नाव धरायचं का’ हा पर्याय तक्त्यात उघड ठेवला.

खरं लिखाण चुकीच्या संदेशांत आहे. ते कुणी दस्तऐवजात धरत नाही, पण एजंट सगळ्यात लक्षपूर्वक तेच वाचतो, कारण अडल्या क्षणी त्याच्यासमोर तेवढंच असतं. सुनील गावसकर विचारा. क्रिकशीटमधल्या बहुतेक नोंदी याच शतकातल्या; गावसकर 1987मध्ये थांबले. नुसतं ‘0’ परत पाठवलं तर एजंट बेलाशक सांगेल की गावसकरांनी एकही कसोटी खेळली नाही. म्हणून टूल आता शून्याऐवजी असं म्हणतं: ‘या नोंदींत हे नाव नाही. खेळाडू खेळलाच नाही, असा अर्थ काढू नये. नावाचं पहिलं अक्षर आणि आडनाव देऊन पुन्हा शोधा. एकाहून अधिक नावं आली तर वापरणाऱ्याला विचारा.’ शेवटचं वाक्य राहुल शर्मासाठी.

वर्णन लिहून झालं की प्रश्न टाकायचा आणि एजंटने टूलला नेमकं काय पाठवलं ते बघत बसायचं. ‘सचिनची वनडेत शतकं किती?’ हा माझा आवडता प्रश्न, कारण शारजातलं 1998चं वादळ या नोंदींत नाही. एजंटने शोध घेतला, ‘नोंदी पूर्ण कारकिर्दीच्या नाहीत’ हा संदेश नीट वाचला आणि उत्तर दिलं: 49. आकडा अचूक, पण टूलमध्ये तो नव्हताच. एजंटने आपल्या आठवणीतून काढून टूलच्या नावावर खपवला होता. वर्णनात एक ओळ वाढली: टूलमधून न आलेला आकडा तसा सांगूनच द्यावा.