उवांची वंशावळ

‘ऊ’ हा शब्द ऐकताच तुम्ही नाक मुरडाल. आई फणी घेऊन बसली की लहान मुले दूर पळतात! पण या क्षुद्र कीटकाच्या शरीरात फार जुना इतिहास लिहिलेला आहे. शास्त्रज्ञ तो कसा वाचतात, ते आपण पाहू.

ऊ हा परजीवी कीटक आहे. परजीवी म्हणजे दुसऱ्या जीवाच्या आधाराने जगणारा. ज्याच्यावर तो जगतो, त्याला यजमान म्हणतात. उवेला पंख नसतात. तिला उडीही मारता येत नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एकदोन दिवसांत मरते. म्हणून तिचा इतिहास यजमानाच्या इतिहासाशी बांधलेला असतो.

प्राण्यांच्या पेशींत तंतुकणिका असतात. त्या पेशीला ऊर्जा पुरवतात. त्यांच्यात स्वतःचा थोडा डीएनए असतो आणि तो सहसा आईकडून मुलांना मिळतो. पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला होत राहतात. छापखाने नव्हते, तेव्हा कातिब हाताने ग्रंथांच्या नकला करीत. एखादी चूक झाली, की ती पुढच्या सर्व नकलांत उतरे. दोन प्रतींत तीच चूक दिसली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून आल्या, असे आपण ओळखतो. डीएनएमधील बदलांवरूनही जीवांची वंशावळ, म्हणजेच उर्दूतील शजरा, अशीच तयार करता येते.

माणसाच्या तंतुकणिकेतील डीएनए एका बांगडीसारखा गोल असतो. त्यावर ३७ जनुके असतात. बहुतेक प्राण्यांत अशी एकच बांगडी असते. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील रेन्फू शाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना माणसाच्या उवेत मात्र १८ छोट्या बांगड्या आढळल्या. २०१२ पर्यंत ही संख्या २० झाली. जणू एका जाड ग्रंथाच्या वीस पुस्तिका झाल्या होत्या! पुढे हत्तीच्या उवेत १० आणि घोड्याच्या उवेत ९ बांगड्या सापडल्या.

यातून एक जुना गैरसमज दूर झाला. काही उवा रक्त शोषतात, तर काही केस आणि कातडी कुरतडतात. पक्ष्यांच्या अंगावरही कुरतडणाऱ्या उवा असतात. तोंडाची रचना पाहून पूर्वी सर्व कुरतडणाऱ्या उवा एकाच गटात ठेवत. परंतु जनावरांच्या कुरतडणाऱ्या उवांतही तुटलेल्या बांगड्या आढळल्या. त्या रक्त शोषणाऱ्या उवांच्याच जवळच्या नातेवाईक आहेत, असा निष्कर्ष २०१९ मध्ये मांडला गेला. केवळ चेहरा पाहून नाते ठरवू नये, हेच खरे.

आता आपल्याच इतिहासाकडे वळू. माणसाच्या डोक्यातील ऊ केसांत राहते. अंगावरची ऊ मात्र कपड्यांच्या शिवणीत राहते आणि तेथेच अंडी घालते. मग कपडे नव्हते, तेव्हा ती कोठे राहत असेल? अर्थात, कपडे आल्यावरच ती डोक्यातील उवेपासून वेगळी झाली असणार. पण केव्हा? माणूस आणि चिंपांझी यांच्या शाखा सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, असे मानले जाते. त्यांच्या उवाही त्याच सुमारास वेगळ्या झाल्या. त्यावरून डीएनए किती वेगाने बदलतो, याचा हिशेब मांडता येतो. २००३ मध्ये जर्मनीतील मार्क स्टोनकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हिशेब केला. २०११ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी तो अधिक बारकाईने केला. त्यांच्या मते माणूस निदान ८३,००० आणि कदाचित १,७०,००० वर्षांपूर्वीपासून कपडे वापरत आहे.

त्या काळचे कपडे केव्हाच कुजून मातीत मिसळले. ते शिवणाऱ्या हातांची नावेही कोणाला ठाऊक नाहीत. त्यांची आठवण फक्त उवेने जपली! म्हणून केस स्वच्छ ठेवा, उवा जरूर काढा. पण फणीत अडकलेल्या त्या इवल्याशा जीवाकडे एकदा कुतूहलानेही पाहा.