उगवती जमीन आणि घाईचा कायदा

कॅनडात हडसन उपसागराच्या काठची जमीन अजून वर येते आहे. हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली ती दबली होती. बर्फ वितळून हजारो वर्षं झाली, तरी ती वर्षाला साधारण एक सेंटिमीटरने उचलली जातेच आहे. समुद्र मागे हटतो, दलदल उघडी पडते, तिच्यावर स्फॅग्नम नावाचं शेवाळ पसरतं. हे शेवाळ मरतं, पण पुरतं कुजत नाही! साचलेल्या गार, आंबट पाण्यात प्राणवायू पोचतच नाही. मग मेलेल्या शेवाळाचे थर चढत जातात, वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. हे पीट. ते कुठे कुठे दोन-तीन मीटर खोल आहे, म्हणजे काही हजार वर्षांचं. असा प्रदेश जवळजवळ महाराष्ट्राएवढा पसरलेला, आणि त्याच्या पोटात अब्जावधी टन कार्बन. तिथले मश्केगोवुक क्री लोक त्याला 'श्वास घेणारी जमीन' म्हणतात.

याच दलदलीखाली ऑन्टारिओ प्रांतात निकेल, तांबं आणि क्रोमाइट सापडलंय. त्या पट्ट्याला 'रिंग ऑफ फायर' असं नाव पडलं. खाणीला रस्ता लागतो. रस्त्यासाठी पाण्याची वाट बदलली की पीटला हवा लागते, राहिलेलं कुजणं सुरू होतं आणि साठलेला कार्बन वर निघतो.

अशा प्रकल्पांना वेग देण्यासाठी १७ एप्रिल २०२५ला ऑन्टारिओच्या विधिमंडळात 'बिल ५' मांडलं गेलं. चर्चेची वेळ सरकारने ठराव करून आवळली आणि ५ जूनला त्याचा कायदा झाला. अमेरिकेच्या आयातशुल्काची धास्ती हे घाईचं कारण. ती धास्ती खोटी नव्हती. पण कायद्यात काय आहे ते वाचून मी थक्क झालो. प्राण्याचा 'अधिवास' पूर्वी जगण्यासाठी त्याला लागणारा सगळा परिसर होता, चरण्याच्या आणि स्थलांतराच्या जागांसकट. आता मुख्यतः बीळ, घरटं किंवा तसलं वसतिस्थान आणि त्याच्या लगतची जागा. कॅरिबू हरीण तर शेकडो किलोमीटर भटकतं. त्याचं घरटं कुठे शोधायचं?

दुसरी तरतूद विशेष आर्थिक क्षेत्रांची. ('सेझ' म्हणजे काय, हे रायगडच्या शेतकऱ्यांना समजावून सांगायला नको.) पण इथे मंत्रिमंडळाला नुसता नियम काढून एखादं क्षेत्र ठरवता येतं आणि तिथल्या 'विश्वासू' कंपनीला प्रांताच्या वा नगरपालिकेच्या कुठल्याही कायद्यातून सूट देता येते. त्यासाठी पुन्हा विधिमंडळात जावं लागत नाही. कुठला कायदा बाजूला ठेवायचा, हे आमदारांनी आधीच मंत्र्यांवर सोपवून टाकलंय.

या जमिनीवर सरकार आणि मूलनिवासी यांच्यातला १९०५-०६चा 'करार क्रमांक ९' आहे. कागदावर लिहिलंय की शिकारीचा, मासेमारीचा हक्क राहील, पण वस्ती, खाणी किंवा लाकूडतोडीसाठी घेतलेली जमीन सोडून. करार करायला गेलेल्या आयुक्तांपैकी डॅनियल मॅकमार्टिन यांची रोजनिशी पुढे अभिलेखागारात सापडली. तीत तोंडी वचनाची नोंद आहे: पूर्वीसारखीच शिकार आणि मासेमारी करता येईल. 'सोडून' ही अट समजावून सांगितल्याची नोंद मात्र नाही. कॅनडाच्या १९८२च्या राज्यघटनेतलं ३५वं कलम अशा हक्कांना मान्यता देतं. हायडा या मूलनिवासी लोकांच्या खटल्यातल्या २००४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला बजावलं की मूलनिवासींच्या हक्कांना धक्का बसू शकेल असा निर्णय घेण्याआधी त्यांच्याशी सल्लामसलत करायलाच हवी.

सगळे मूलनिवासी रस्त्याच्या विरोधात आहेत असंही नाही. वेबिक्वी आणि मार्टन फॉल्स या फर्स्ट नेशन्सनी, म्हणजे मूलनिवासी समुदायांनी, स्वतः पुढाकार घेऊन रस्त्यांचे पर्यावरणीय अभ्यास चालवले आहेत. शेजारच्या नेस्कांटागात मात्र १९९५पासून नळाचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका अशी सूचना लागू आहे. आधी पाणी द्या, मग खाणीचं बोला, असं कुणी म्हटलं तर त्याला काय उत्तर देणार? जून २०२५मध्येच केंद्रानेही प्रकल्पांना वेग देणारा 'बिल सी-५' हा कायदा केला. पुढच्याच महिन्यात ऑन्टारिओतल्या नऊ फर्स्ट नेशन्सनी दोन्ही कायद्यांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली.