गोपनीय अहवाल लांबला तर

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कोणी ना कोणी सरकारी नोकरीत असतो. बढतीची यादी लागते, तीत त्याचे नाव नसते. विचारणा करावी तर उत्तर मिळते, 'त्या सालचा अहवालच आलेला नाही.' लिहिणारे साहेब तोवर बदलून गेलेले असतात. अहवाल आता बरेचसे संगणकावर लिहिले जातात. पण लिहायचे मनावर घेणे हे काम संगणकाचे नव्हे! हुकुमाविरुद्ध दाद मागता येते, मौनाविरुद्ध ती कशी मागावी, हा खरा पेच आहे.

देव दत्त हे सीमा रस्ते संघटनेतील कार्यकारी अभियंता. बढतीसाठी पाचही वर्षांचा शेरा 'अतिशय चांगला' असणे आवश्यक होते. १९९३-९४ सालचा शेरा नुसता 'चांगला' होता, आणि तो त्यांना कळविलाच गेला नाही. त्यांची बढती हुकली. वरिष्ठांचे म्हणणे असे की, वाईट शेरा तेवढा कळवायचा असतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हे अमान्य केले. ज्या शेऱ्याने बढती अडते तो चांगला कसा? न्यायालयाने शेरा कळविण्यास आणि हरकतीचा निर्णय करण्यास मुदती घालून दिल्या. शेरा सुधारला तर बढतीचा पूर्वलक्षी विचार व्हावा, आणि बढती ठरल्यास वाढीव निवृत्तिवेतन आणि वेतनाची थकबाकी आठ टक्के व्याजाने मिळावी, असेही सांगितले. 'निवृत्तिवेतन' म्हणण्याचे कारण, निकाल लागेपर्यंत ते निवृत्त झाले होते.

पुढे २०१३ साली सुखदेव सिंग यांच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी प्रत्येक शेरा वाजवी मुदतीत कळविला पाहिजे, हे कायम केले. विलंबाविरुद्ध बोलताना 'वाजवी मुदत' हे शब्द फार उपयोगी पडतात.

मात्र तोंडी तक्रारीला कायद्यात किंमत नाही. प्रथम लेखी अर्ज करावा, वर्ष नमूद करावे आणि पोच घ्यावी. सहा महिन्यांत निर्णय झाला नाही, तर १९८५ च्या कायद्याप्रमाणे न्यायाधिकरणाकडे जाता येते. महाराष्ट्र शासनाच्या नोकरांसाठी ते १९९१ पासून मुंबईत असून नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे त्याची खंडपीठे आहेत. त्याच्या निकालावर उच्च न्यायालयात जाता येते. बढती न्यायाधिकरण सहसा स्वतः देत नाही. बढती समितीने पुन्हा विचार करावा, असा हुकूम देते.

येथेच भले भले फसतात. ते सहा महिने सरल्यावर दावा लावण्यास सामान्यतः एकच वर्ष मिळते. आमचा सज्जन नोकर मात्र साहेबांना दुखवू नये म्हणून स्मरणपत्रांमागून स्मरणपत्रे धाडीत राहतो. त्या पत्रांनी मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे. तेव्हा दिवस मोजायचे ते पहिल्या अर्जाच्या पोचेवरील तारखेपासून.