काचेचा मुखवटा आणि लातूरची शिस्त

जपानमध्ये ‘हाना तो युमे’ या मुलींच्या नियतकालिकात १९७६ साली सुझुए मिउची या लेखिकेची एक चित्रकथा सुरू झाली. ‘काचेचा मुखवटा’ हे तिचे नाव. नायिका माया किताजिमा तेरा वर्षांची, रूपाने सामान्य, अभ्यासात यथातथाच. आई एका खानावळीत राबते आणि मुलगी घरोघर जेवण पोचवते. नाटकाचे एक तिकीट समुद्रात पडले, तर त्यासाठी ती ऐन थंडीत पाण्यात उडी घेते. एकेकाळची थोर नटी चिगुसा त्सुकिकागे हिची नजर या मुलीवर पडते आणि कठोर शिक्षणाला प्रारंभ होतो. २०१२ साली या कथेचा ४९वा खंड निघाला. कथा मात्र अद्याप अपुरीच आहे.

नांदेड-लातूरच्या वाचकाला या परक्या कथेचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. पण ही कथा तितकीशी परकी नाही. ओकुनी या स्त्रीने सतराव्या शतकाच्या आरंभी ज्या काबुकीचा पाया घातला, त्याच काबुकीत १६२९ साली स्त्रियांना बंदी झाली आणि स्त्रीभूमिका पुरुषांकडे गेल्या. आपल्याकडे बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्र वेडावला. त्या वैभवाला बाध न आणता एवढे म्हटले पाहिजे की, त्या काळी घरंदाज स्त्रीला रंगमंचाची दारे जवळजवळ बंदच होती. १९३३ साली नाट्यमन्वंतरने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले व त्यात ज्योत्स्ना भोळे, पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या, तेव्हा ही दारे खऱ्या अर्थाने किलकिली झाली.

दारे उघडली, तरी वाट सुकर झाली असे नाही. नांदेडला नाटकाची परंपरा आहे. दत्ता भगत यांच्यासारखा समर्थ नाटककार याच गावाने पाहिला. राज्य नाट्य स्पर्धेसाठी येथील हौशी मंडळी दिवसाची नोकरी सांभाळून रात्री तालमी करतात. परंतु संहिता निवडताना पहिला प्रश्न असतो तो स्त्रीपात्रांच्या संख्येचा. एक-दोन स्त्रीपात्रांचे नाटक बरे, असे ठरते; कारण रात्री दहाला तालीम संपल्यावर मुलीने घरी जायचे कसे, याचे उत्तर मंडळींपाशी नसते. ज्या घरात मुलीच्या स्नेहसंमेलनातील भूमिकेचे तोंडभरून कौतुक होते, त्याच घरात ‘मला नटी व्हायचे आहे’ हे वाक्य उच्चारले की शांतता पसरते. ही शांतता केवळ जुनाट समजुतीची नसते. पोटाचे काय, ही चिंताही तीत असते आणि ती खोटी नाही.

येथे लातूरचा दाखला आठवावा. राजर्षी शाहू व दयानंद महाविद्यालयांच्या परिश्रमांतून ‘लातूर पॅटर्न’ नावारूपाला आला. खेड्यापाड्यांतील मुले गुणवत्ता यादीत झळकली, ती काही दैवी बुद्धीच्या बळावर नव्हे. शिक्षक, वेळापत्रक, सराव आणि पुन्हा सराव यांनी ते घडविले. बुद्धी ही उपजत मिरासदारी नाही, हे या गावाने महाराष्ट्राला शिकविले. मग अभिनयाच्या बाबतीत तेच गाव ‘ते अंगातच असावे लागते’ असे का म्हणते?

मायाची कथा नेमके उलट सांगते. बाहुलीची भूमिका वठविण्यासाठी तिला शरीर जखडून घ्यावे लागते. हेलन केलरच्या भूमिकेसाठी आंधळे-बहिरेपण अनुभवावे लागते. गुणी मुलगी आणि तयार नटी यांच्यामधले अंतर गुरू, सहकारी व अखंड मेहनत यांनीच तोडले जाते.

शिक्षणाची सोय आज अगदीच नाही, असे नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. उणीव आहे ती शाळेपासून विद्यापीठापर्यंत जाणाऱ्या पायऱ्यांची. तालमी संध्याकाळीच आटोपणे, मुलींना घरी पोचविण्याची जबाबदारी मंडळाने घेणे, शाळांतून नाट्यशिक्षकाला रीतसर वेतन मिळणे, या गोष्टी अवघड नाहीत. त्यांना मोठा निधी लागत नाही, निश्चय लागतो.

प्रत्येक मुलगी नटी होणार नाही. प्रत्येक विद्यार्थी डॉक्टर तरी कोठे होतो? पण एकीला पालक शिकवणीच्या वर्गापर्यंत स्वतः सोडायला जातात आणि दुसरीला तालमीला जाण्यासाठी घरात खोटे बोलावे लागते. हा भेद नाहीसा होईल, त्या दिवशी मराठवाड्याच्या मुलींना नाट्यगृहाचे दार खरोखर उघडले असे म्हणता येईल.