संगणकाची बाराखडी (७) : पाटी आणि वही

आमच्या शेजारच्या काकूंचा लॅपटॉप दिवाळीआधी फार संथ झाला. ‘मेमरी भरली असेल, फोटो काढून टाका,’ असं कोणीतरी सांगितलं. काकूंनी दोन संध्याकाळी बसून नातवाच्या बारशापासूनचे फोटो पुसले, रिसायकल बिनसुद्धा रिकामं केलं. लॅपटॉप होता तसाच. मी बघितला तेव्हा डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामी होती. भरली होती रॅम, आणि रॅममध्ये फोटो साठवलेले नसतातच! मला ती गोष्ट फार लागली. म्हणून आज फक्त ‘मेमरी’ या शब्दाबद्दल लिहितो.

या एका शब्दानं आपण दोन वेगळ्या वस्तू ओळखतो. एक रॅम; दुसरी साठवण, म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. शाळेतली पाटी आणि वही आठवा. आकडेमोड पाटीवर, जपून ठेवायचं ते वहीत. मोबाइलच्या दुकानात ‘आठ-एकशेअठ्ठावीस’ म्हणतात, त्यातले ८ जीबी म्हणजे पाटी आणि १२८ जीबी म्हणजे वही. रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभातच्या चित्रांनी वहीची पानं भरतात, पाटी नाही.

वीज गेली की पाटी कोरी होते. का, ते समजून घेण्यासारखं आहे. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एका इवल्याशा कपॅसिटरमध्ये साठवलेला विद्युतभार. त्याच्या जोडीला एकच ट्रान्झिस्टर. ही रचना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. तिचं पेटंट त्यांना १९६८ साली मिळालं. पण हा भार सतत गळत असतो. लहानपणी ओल्या बोटानं पाटीवर अक्षर काढलं की ते बघता बघता वाळायचं आणि आपण त्यावरून पुन्हा बोट फिरवायचो, तसंच. रॅममध्ये हे गिरवणं साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी होतं, म्हणजे सेकंदाला पंधराएक वेळा. वीज थांबली की गिरवणारं बोट थांबलं. टाइप करता करता मध्येच कंट्रोल आणि एस दाबायचं ते एवढ्यासाठी: पाटीवरचा मजकूर वहीत उतरतो.

मग सगळं वहीतच का लिहू नये? वेगामुळे. ढोबळ हिशेब सांगतो. रॅममधून एखादी गोष्ट काढायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर त्याच मापानं एसएसडीला पंधरा-वीस मिनिटं लागतील आणि फिरत्या हार्ड डिस्कला एक दिवसाहून जास्त.

काकूंच्या लॅपटॉपचं दुखणं इथेच होतं. त्यात रॅम ४ जीबी. ब्राउजरमध्ये वीसेक टॅब उघडे, शिवाय नातवाच्या शाळेचा ऑनलाइन वर्ग. पाटी भरली की विंडोज तिच्यावरचा काही मजकूर तात्पुरता डिस्कवर उतरवतं, तिथे दुसरं लिहितं, आणि पहिलं लागलं की पुन्हा पाटीवर आणतं. त्यांची डिस्क जुन्या, फिरत्या पद्धतीची. दिवा सारखा लुकलुकत होता आणि कान लावला की आतून कुरकुर ऐकू येत होती. डिस्क अगदी काठोकाठ भरली तर या उतरवण्यालाही जागा उरत नाही, तेव्हा फाइली काढून उपयोग होतो. इथे ते कारण नव्हतं.

काहीही पुसण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. तिथे ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी’ म्हणून दिसते ती रॅम. कामाच्या वेळी ती सारखी नव्वद टक्क्यांच्या वर असेल, तर आधी नको असलेले टॅब बंद करा. तरीही भागत नसेल, तर रॅम वाढवायचा विचार करा. विकत घेण्याआधी आपल्या यंत्राला डीडीआर३ लागते की डीडीआर४, ते बघा. दोन्हींच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. काही पातळ लॅपटॉपमध्ये तर रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते, ती वाढवता येत नाही.

काकूंच्या लॅपटॉपमध्ये सुदैवानं एक जागा मोकळी होती. तिथे आणखी ४ जीबीची पट्टी बसवली, आणि कुरकुर थांबली. पुसलेल्या फोटोंपैकी बरेचसे त्यांच्या मुलीच्या मोबाइलवर सापडले. बारशाचे मात्र मिळाले नाहीत.