उघडणारं लॉकेट

लाडक्या माणसाला आपण 'गळ्यातला ताईत' म्हणतो. लहानपणी माझ्याही गळ्यात ताईत होता, काळ्या दोऱ्यातला. आत काय आहे, असं विचारलं की दादी म्हणायची, "उघडायचा नसतो, बेटा." आज मी ज्या लॉकेटांविषयी बोलणार आहे, ती मात्र उघडण्यासाठीच घडवलेली होती.

लॉकेट हा शब्द मुळात कडी-कुलपाच्या कुळातला. आपण साखळीतल्या कुठल्याही पदकाला लॉकेट म्हणतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ती बिजागरीची इवलीशी डबी असे. फोटो स्वस्त होण्याआधी तिच्यात बहुधा केसांची बट ठेवत. शरीर मातीत जातं, केस मात्र कित्येक वर्षं टिकतात. काही लॉकेटांत बटेचा कप्पा मागच्या बाजूला असे. जगाला दिसायचं सोनं आणि छातीला लागून राहायचे ते केस!

राणी व्हिक्टोरियाला १८४० मध्ये पहिली मुलगी झाली, तेव्हा पती अल्बर्टनं तिला एक ब्रेसलेट दिलं. पुढं त्यात नऊ मुलांची नऊ बदामी लॉकेटं जमली. प्रत्येकाचा मिना वेगळा आणि आत त्या त्या बाळाचे केस. १४ डिसेंबर १८६१ रोजी अल्बर्ट वारला. राणीनं १९०१ मध्ये मरेपर्यंत काळे कपडे सोडले नाहीत. तिचं पाहून प्रजेतही काळ्या दागिन्यांची मागणी वाढली. व्हिटबी गावचा 'जेट' म्हणजे लाकडाचा काळा जीवाश्म. वजनाला हलका, म्हणून मोठाली लॉकेटंही गळ्याला जड होत नसत. ज्यांना तो परवडत नसे, ते काळ्या काचेवर भागवत. दुःखालाही ऐपत पाहावी लागते.

या लॉकेटांची एक भाषा होती. मोती म्हणजे अश्रू. पांढरा मिना बहुधा लहान मुलासाठी किंवा अविवाहितासाठी. आयव्हीचा वेल म्हणजे निष्ठा, कारण तो धरलेला आधार सोडत नाही. शेपूट तोंडात धरलेला साप म्हणजे अनंतकाळ. आपल्याकडची बाई असा दागिना पाहून दचकली असती! मला कवी म्हणून सर्वांत आवडते ती खड्यांची अक्षरं. माणिक, पाचू, गार्नेट, ॲमेथिस्ट, पुन्हा माणिक आणि हिरा, असे सहा खडे ओळीनं बसवायचे. त्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जोडली की 'रिगार्ड', म्हणजे आदर, जिव्हाळा, असा शब्द होतो. उर्दू शायरीत आद्याक्षरांत नाव गुंफण्याचा असाच खेळ आहे.

पण ही भाषा वाचता आली, तरी माणूस सापडतोच असं नाही. नाव कोरलेलं नसेल, तर लॉकेट एवढंच सांगतं की कुणीतरी कुणासाठी रडलं होतं.

काहींनी नाव मुद्दामच लपवलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रियजनाचा फक्त एक डोळा रंगवून तो लॉकेटात बसवण्याची रीत आली. डोळा ओळखणार फक्त जवळचं माणूस. व्हिक्टोरियाचा काका जॉर्ज युवराज असताना त्यानं मारिया फिट्झहर्बर्ट या कॅथलिक विधवेला आपल्या डोळ्याचं असं चित्र पाठवलं होतं. १८८५ नव्हे, १७८५ सालची ही गोष्ट. त्याच वर्षी दोघांनी गुपचूप लग्न केलं. कायद्यानं ते कधीच मानलं नाही. पुढं त्यानं रीतसर दुसरी राणी केली, मारिया दुरावली. १८३० मध्ये तो राजा म्हणून वारला, तेव्हा मारियाचं छोटं चित्र त्याच्या गळ्यात होतं. त्याच्या इच्छेप्रमाणे ते तसंच त्याच्याबरोबर विंडसरला पुरलं गेलं.