आगगाडीच्या क्रमांकाचें व्याकरण

नागपूर स्थानकावर गाडीची घोषणा होते, तेव्हां नांवाच्या आधीं पांच आंकडे एकेक करून उच्चारले जातात. बहुतेकांचे कान त्या वेळीं नांवाची वाट पाहत असतात. आंकडे म्हणजे सरकारी कामकाजाचा फापटपसारा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः प्रकार उलट आहे. नांव हें गाडीचें लाडकें नांव होय. आरक्षणाच्या यादींत आणि स्टेशनमास्तराच्या वहींत तिची खरी ओळख पटते ती क्रमांकानें. मुंबईहून येणारी विदर्भ एक्सप्रेस आणि मुंबईस जाणारी विदर्भ एक्सप्रेस, नांव एकच. परंतु पहिली १२१०५ आणि दुसरी १२१०६. पूर्वीं मुंबईकडे जाणारीस 'अप' व उलट येणारीस 'डाऊन' म्हणत. आतां तो भेद सम आणि विषम आंकड्यांवरून कळतो.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रूळ १८६७ सालीं नागपुरास पोंचला. पूर्वेकडून बंगाल-नागपूर रेल्वे मागाहून येऊन मिळाली. कंपन्या निरनिराळ्या, तशी त्यांची मोजणीही आपापली. गाड्या थोड्या, म्हणून एक किंवा दोन आंकड्यांत काम भागे. आणि एकच क्रमांक दोन निरनिराळ्या रेल्वेंवर सुखानें नांदूं शके. गाड्या वाढल्या, तिकिटांचा हिशेब यंत्रें ठेवूं लागलीं, तेव्हां हें चालेना. १९८९ च्या सुमारास सर्व देशासाठीं चार आंकड्यांची पद्धति आली. तीही अपुरी पडल्यानें २० डिसेंबर २०१० पासून पांच आंकडे झाले. तरी जुनें अगदींच पुसलें गेलें नाहीं. नागपूरवरून मद्रास-दिल्ली धांवणारी ग्रँड ट्रंक एक्सप्रेस एकेकाळीं १५ आणि १६ या क्रमांकांची होती. पुढें ती २६१५-२६१६ झाली आणि आज १२६१५-१२६१६ आहे. शेपटी तीच, डोकें तेवढें वाढलें.

या पांच आंकड्यांना व्याकरण आहे. पहिला आंकडा गाडीची जात सांगतो: १ किंवा २ म्हणजे लांब पल्ल्याची गाडी, ५ म्हणजे साधी पॅसेंजर, ६ मेमू, ७ डेमू, ३ कलकत्त्याची व ९ मुंबईची उपनगरी, आणि शून्य म्हणजे खास गाडी. दुसरा आंकडा बहुधा घर सांगतो. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस ११०३९. येथें दुसरा १ मध्य रेल्वेचा. छत्तीसगड एक्सप्रेस १८२३७; तिचा ८ कलकत्ता-बिलासपुराकडच्या रेल्वेंचा. नागपुरांत मध्य रेल्वेचा विभाग आहे आणि दक्षिण-पूर्व-मध्य रेल्वेचाही; त्यामुळें हीं दोन्ही कुळें येथें एकाच छताखालीं भेटतात. क्रमांक मात्र गाडी ज्या रेल्वेच्या मालकीची तिचा, ती ज्या रुळावरून जाते त्या रेल्वेचा नव्हे.

दुसरा आंकडा २ असला तर घराऐवजीं वेग सांगितला जातो: १२ किंवा २२ नें आरंभ होणारी गाडी अतिजलद. तिचें घर मग तिसऱ्या आंकड्यांत शोधावें. सेवाग्राम एक्सप्रेसचा १२१३९ मध्य रेल्वेचा, गीतांजलीचा १२८५९ दक्षिण-पूर्व रेल्वेचा. नागपूर-मुंबई दुरंतोचा १२२९० मात्र या नियमास जुमानत नाहीं. दुरंतोसारख्या खास गाड्यांसाठीं १२२ हा वेगळा गट ठेवलेला आहे. जागा कमी पडूं लागल्यावर २० हाही आरंभ वापरांत आला. बिलासपूर-नागपूर वंदे भारत २०८२५ ती अशी. अतिजलद गाडीच्या तिकिटावर अधिभार पडतो, तेव्हां दुसऱ्या जागेवरचा हा २ खिशालाही जाणवतो.

शून्याची गोष्ट याहून बोचरी. २०२० मध्यें साथीमुळें नेहमींच्या गाड्या थांबल्या आणि ज्या सुरू झाल्या त्या 'खास' म्हणून. विदर्भ एक्सप्रेस ०२१०५ झाली. डबे तेच, मार्ग तोच, आंकडा मात्र बदलला. लांब पल्ल्याच्या गाड्यांना जुने क्रमांक परत देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२१ मध्यें झाला. गरिबांच्या पॅसेंजर गाड्यांचें शून्य मात्र चिवट निघालें. तींत किमान १० रुपयांऐवजीं ३० रुपये मोजावे लागत. हें भाडें उतरण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. रोज कामाला जाणाऱ्या मजुरास एका शून्याची किंमत इतकी पडावी, हें कोणत्याही गणितांत बसत नाहीं.

नांवावर विसंबण्याचा धोका १५ फेब्रुवारी २०२५ च्या रात्रीं नवी दिल्ली स्थानकावर दिसला. कुंभमेळ्याच्या गर्दींत तेथें चेंगराचेंगरी होऊन १८ माणसें दगावलीं. प्रयागराज एक्सप्रेस आणि प्रयागराज स्पेशल या नांवांच्या सारखेपणानें गोंधळ उडाला, असें पोलिसांचें प्राथमिक म्हणणें होतें. एका प्रवाशाच्या डोक्यावरचें मोठें ओझें पडून जिन्यावर लोक अडखळले, असें रेल्वेमंत्र्यांनीं पुढें राज्यसभेंत सांगितलें. कारण कोणतेंही धरलें तरी त्या रात्रीं दोन गाड्यांना प्रयागराज हें नांव होतें, क्रमांक मात्र दोन होते.

रेल्वेचे नोकर ही चूक करीत नाहींत. पुढच्या स्थानकाकडे मार्ग मोकळा मागतांना स्टेशनमास्तर गीतांजली किंवा सेवाग्राम म्हणून थांबत नाहीं. तो क्रमांक सांगतो, पलीकडचा क्रमांक लिहून घेतो, आणि मगच सिग्नल पडतो.